उकिरड्यातली बाटली

फुलसिंग नाईक तांडा, गोरेगाव
१२ नोव्हेंबर २०२४

पुजे,

खोकं पोचलं. संतरामनं जीपच्या टपावरून उतरवलं, माझ्या शिलाईच्या दुकानात आणून ठेवलं आन् म्हणतो, "रूपाताई, आत काय खळखळ वाजून राहिलं?" मी म्हणलं, लोणच्याच्या बरण्या हायेत. तो हसला. गोरेगावात कुणाला काही सांगायची गरज न्हाई, सगळ्यायला सगळं बराबर कळतं.

फोनवर या गोष्टी बोलायच्या न्हाईत हे तूच ठरवलं. ठीक हाय. घरात फोन एकच, तो बाच्या उशाला, आन् तुझं नाव निघालं की बा भिंतीकडं तोंड करतो. म्हणून पत्र. आपण बोलतो बंजाऱ्याच्या गोरबोलीत, मायला याडी, थोरल्या बहिणीला बाई म्हणतो, लिहितो शाळेतल्या मराठीत, आन् मधी सगळा घोळ. तू शिकलेली हाईस, समजून घे.

चार बाटल्या निघाल्या. एक बी फुटली न्हाई. तुझी चिठ्ठी याडीला वाचून दाखवली. तीन बाटल्या आमी दोघींनी चाखायच्या आन् कशा लागल्या ते तुला लिहायचं. चौथी मोहाची, लाखेनं तोंड बंद केलेली, बाची. होळीपर्यंत उघडायची न्हाई, मुरू द्यायची. मग बाचा घसा पुरा बंद व्हायच्या आत एक घोट त्याच्या तोंडात गेला पायजे आन् त्यानं एकदा तरी तुझं नाव घेतलं पायजे. एक घोट आन् एक नाव. तुला एवढंच पायजे म्हणतीस.

एवढंच! अगं बाई, चंद्र माग ना त्यापेक्षा.

तू त्या दिवशी देवळापुढं नव्हतीस. मी व्हते. म्हणून तुला सोपं वाटून राहिलं. कुणीतरी मोबाइलवर तुझा व्हिडिओ लावला. तू रबरी बूट घालून मोठमोठ्या टाक्यांमधी उभी आन् हसून हसून सांगून राहिली, आमच्या तांड्यात माझी आजी मोहाची काढायची, मी एल काढते. म्हणजे बीअरच की. सारा तांडा वाकून पाहून राहिला. बाला कुणी इचारलं बी न्हाई. तोच उठला. म्हणला, "प्रेमदास मेला तवा मी हितंच सेवालाल बापूचं नाव घेऊन मटके फोडले. जो दारू काढंल त्याच्या हातचं पाणी न्हाई, त्याला तांड्यात घर न्हाई. नियम मी केला. माझ्या लेकीला बी तोच." मग घरी आला आन् जेवला न्हाई.

तू म्हणशील, माझी दारू वायली, प्रेमदासकाका नवसागर घातलेल्या इखानं मेला. मला कळतं गं. बाला कोण सांगणार? ज्याच्या मांडीवर धाकट्या भावाचे आधी डोळे गेले आन् मग जीव गेला, त्याला दारूदारूतला फरक सांगायची माझी हिंमत न्हाई. आमाला वाटलं चार दिवस चालंल हे. चार साल झाले.

आता पहिल्या बाटलीचं ऐक. बा घशाच्या गाठीला शेक घ्यायला नांदेडला गेला व्हता, घरात आमी दोघीच. तू सांगितलं तसं केलं. पेला तिरपा धरला, हळू ओतलं, बुडाचा गाळ बाटलीत राहू दिला. आधी वास घ्या म्हणलीस. याडीनं वास घेतला आन् म्हणली, "लिंबाच्या सालीवाणी येऊन राहिला." मग घोट घेतला आन् तिचं तोंड असं झालं की मी हसून हसून लोळले. कडू! कडुलिंबाची काडी चावून त्याचंच पाणी गिळावं तसं. "लोकं पैशे देऊन हे पितात?" याडी म्हणली, "पुण्याच्या लोकायला ताप-बिप येतो का?"

पण खरं सांगू? दुसऱ्या घोटाला कडू कमी लागलं. तिसऱ्याला तर मी पेला याडीच्या हातातून घेतला.

तुझी बाई,
रूपा

*

फुलसिंग नाईक तांडा
१६ जानेवारी २०२५

पुजे,

तुझी दोन ओळींची चिठ्ठी भेटली. तुझ्या कामाला भट्टी म्हणायचं न्हाई. बरं, न्हाई म्हणत. बीअर बी म्हणायचं न्हाई, एल म्हणायचं. बरं बाई, एल. राग तर नाकावर, बिलकुल बापावर गेलीस.

काळी बाटली संक्रांतीच्या आदल्या दिवशी उघडली. बा पारावर बसायला गेला व्हता तेवढ्यात. रंग पाहून याडी भ्याली, म्हणली हे तर डांबर हाय. वास जळलेल्या भाकरीच्या पोपड्याचा. घोट घेतला तर आधी चहाच्या पत्तीवाणी तुरट आन् मागून गोड. याडी तव्यावरच्या करपलेल्या भाकरी आपल्याला टाकू देत नव्हती, दुधात कुस्करून द्यायची, ते याद आलं. लिही म्हणलीस म्हणून लिहिलं. मला दुसरं काही सुचत न्हाई, चुकलं असंल तर सोडून दे.

तिसरी गव्हाची. हिला केळाचा वास! केळ न घालता केळाचा वास कसा येतो तूच जाण. ही याडीला लई आवडली. ती म्हणती, "गव्हाची कशी करते पोरगी?" मी खोक्यातली तुझी चिठ्ठी वाचून दाखवली, की गहू भिजवायचा, मोड आणायचे, वाळवायचे, भरडून गरम पाण्यात शिजवायचे आन् मग ते पाणी आंबू द्यायचं. याडीनं पेला खाली ठेवला. मग म्हणली, "म्हणजे तीजच की." आन् रडायलाच लागली. श्रावणात दुरडीत गहू पेरून तू तीज वाढवायचीस, त्याची याद आली तिला. तुझा गहू सगळ्या पोरींच्या वर जायचा. म्हाताऱ्या म्हणायच्या, पुजीला नवरा चांगला भेटणार. नवरा न्हाई भेटला, टाक्या भेटल्या. हस जरा. मी तर नवरा करून पाहिला, सहा साल झाले माहेरी येऊन.

आता कामाचं. बाचे शेक संपले. आता तो घरीच असतो, दिवसभर. आवाज बसला, पातळच गिळतो, मान बारीक झाली. तुझी लाखेची बाटली मी पेटीत लुगड्याखाली ठेवली व्हती. परवा तो पेटी उघडून स्वेटर शोधून राहिला, मी धावत जाऊन काढून दिला. घर केवढं आपलं? दोन खोल्या आन् एक पडवी. याडी म्हणली, "उकिरड्यात पुर." मी म्हणलं, वेडी झालीस का? तर म्हणती, "आमी काय करायचो? मटके उकिरड्यातच पुरायचो. पोलिसाला वास येत न्हाई, आन् थंडीचं शेणाच्या उबीनं माल लवकर मुरतो. तुझ्या आजीनं शिकवलेलं."

तू लिहिलंस अंधारात ठेव आन् मुरू दे. अंधार तर उकिरड्यात बी असतो. दोघींनी मिळून पुरली, गोणपाटात गुंडाळून, हातभर खोल. वर खूण म्हणून फुटकी कुंडी ठेवली. याडी शेण लोटून वर आली तेव्हा तिच्या तोंडावर असं हसू व्हतं, मी लई दिवसात पाहिलं न्हाई. मोहाची फुलं चैतात तिनंच येचली, तिनंच संतरामच्या हाती तुला धाडली, आन् आता तिच्याच हातानं पुरली. ती म्हणती, ही बाटली अर्धी माझी हाय.

आणखी एक. काल बा मला म्हणला, "तुझ्या दुकानात पुण्याहून काय येऊन राहिलं?" मी म्हणलं, अस्तराचं कापड. तो म्हणला, "बरं." मग लई येळानं म्हणला, "तिकडं थंडी लई पडती का?" कुणाला, कुठं, काही न्हाई. मी म्हणलं, पडती. तो पुन्हा म्हणला, "बरं."

हे तुला लिहू का नको ते कळत नव्हतं. लई आशा धरू नको. एवढ्यासाठीच लिहिते.

रूपा

*

फुलसिंग नाईक तांडा
२२ मार्च २०२५

पुजे,

कसं लिहू तेच कळून न्हाई राहिलं, म्हणून सरळ लिहिते. बाटली फुटली.

होळी झाली, लेंगीची गाणी झाली, सारा तांडा नाचला. दुसऱ्या दिवशी सगळे झोपलेले, तेव्हा मी आन् याडी उकिरड्यावर गेलो. कुंडी कलंडलेली व्हती. हात घातला तर गोणपाट ओलं आन् त्यात काचाच काचा. लाखेचं तोंड तसंच बंद, मान बी धड, पण पोट फुटून गेलं. सगळं शेणात मुरलं.

आता मला कळलं, संतरामच्या पोरीनं मोबाइलवर वाचून सांगितलं. तुझ्या बाटलीत जिवंत काही असतं, ते उबीनं फुगतं. मटक्याला तोंडावर फडकं असतं, वारा निघून जातो. बाटलीला लाख. आजीनं मटक्याचं शिकवलं, बाटलीचं कुणी शिकवलंच नव्हतं. आमाला वाटलं आमाला येतं. तेच तर झालं.

बाला बी कळलं, हे आणखी वाईट. त्याच सकाळी, आमच्या आधी, तो उकिरड्याकडं गेला व्हता. मी पडवीतून पाहिलं. मला वाटलं परसाकडं चाललाय. तर तो लई येळ तिथंच बसला, आमच्याकडं पाठ करून. काठी बाजूला टाकलेली. आला तवा त्याच्या खालच्या व्हटाला चीर पडलेली, रक्त आलेलं. मी इचारलं, "काय झालं?" तो म्हणला, "शेकानं व्हट फुटून राहिले." मग आमी उकिरड्यावरून परतल्यावर याडीला म्हणला, "उकिरडा साफ करा. काचा हायेत, जनावराच्या पायात जातील." बस. एवढंच. ना शिवी, ना ओरडणं.

मला तर त्यानं कानाखाली वाजवली असती तर बरं वाटलं असतं. तो ओरडत न्हाई तवा तो पुरा तुटलेला असतो, तुला ठावं हाय. त्या दिवसापासून त्यानं तुझ्याकडच्या थंडीचं काही इचारलं न्हाई.

दुसरी बाटली असंल तर धाड. मोहाचीच. मी ती संतरामच्या घरच्या फ्रिजात ठेवीन, त्याच्या बायकोच्या पाया पडीन. बाला आता चमच्यानं पाणी लागतं. येळ न्हाई, पुजे.

रूपा

*

फुलसिंग नाईक तांडा
९ जून २०२५

पुजे,

तुझी चिठ्ठी वाचली. याडीला वाचून न्हाई दाखवली. तिला म्हणलं, पुजी बरी हाय, काम लई हाय.

"उकिरड्यात? तुम्ही माझी बाटली उकिरड्यात पुरली?" हे तू तीनदा लिहिलंस. "मोहाची ती एकच बाटली होती. फुलं तेवढीच होती. मला आता काही पाठवायचं नाही आणि काही वाचायचंही नाही."

बरं.

पण मी एक लिहिते, मग वाच न्हाईतर चुलीत घाल. तुला वाटून राहिलं, आमी तुझी कदर केली न्हाई म्हणून शेणात पुरली. अगं, आपल्या घरात सगळ्यात किमती गोष्ट उकिरड्यातच पुरायचे! पोलीस बाला दोनदा घेऊन गेले, मारलं, घरातली भांडीकुंडी फेकली, पण उकिरड्यातलं कधी त्यायला सापडलं न्हाई. याडीच्या डोक्यात तिथं ठेवलं म्हणजे जपलं. तुला राग यायचा तो येऊ दे. माझ्यावर काढ. त्या म्हातारीनं फुलं येचताना गुडघे फोडून घेतले, तिच्यावर काढू नको.

यंदा चैतात मोह फुलला व्हता. मी तुला इचारलं व्हतं का फुलं धाडू. तुझं उत्तर न्हाई आलं. फुलं खाली पडून सडून गेली.

बाच्या घशाला आता नळी टाकायची म्हणतात. तो न्हाई म्हणतो.

रूपा

*

फुलसिंग नाईक तांडा
१९ ऑगस्ट २०२५

पुजे,

तुझं उत्तर न्हाई, तरी लिहून राहिले. संतराम म्हणतो ट्रॅव्हल्सवाल्याजवळ पत्र देतो, ते पुढं पोचतं का न्हाई देवाला ठावं.

आखाडात एक दिवस याडी दळणाला गेली. बानं मला हातानं खुणावलं. कान त्याच्या तोंडाशी न्यावा लागतो आता. म्हणला, "ती लाखेची बाटली. दुसरी हाय का?"

लाखेची, हे याला कसं ठावं? मग वाटलं, काचा पाहिल्या असतील त्यानं. मी म्हणलं, "काहून पायजे?" त्यानं डोळे मिटले. वीस साल झाले ज्यानं थेंब शिवला न्हाई, लग्नात तोंडाला पेला लावायच्या जागी पाण्याचा लावला, त्यानं मागितलं, पुजे. तू चंद्र मागितला व्हतास, तो आपणहून अंगणात आला आन् माझ्याजवळ बाटली न्हाई!

मी काय बोलले माहीत हाय का? म्हणलं, "हाय. पुजीनं धाडली हाय. आणते."

तोंडातून निघून गेलं. आता आणू कुठून? तुला दोन पत्रं लिहिली, ती भेटली न्हाईत असं धरून चालते. पुण्याला कुणाला धाडू? दुकानातली आणावी तर लेबल सोडून बी बा वळखल, हे मला पक्कं वाटलं. मग तुझी गव्हाची चिठ्ठी काढली. तीजच की, असं याडी म्हणली व्हती ना? म्हणलं, तीज तर मला येती.

राखीपासून तांड्यातल्या पोरींबरोबर मी बी दुरडी मांडली. वारुळाची माती न्हाई घातली, नुसता गहू, ओल्या फडक्यावर. पोरी हसून राहिल्या, "रूपाबाईला दुसरा नवरा पायजे." मी म्हणलं, व्हय, पायजे, तुमच्या बापाला सांगा. रोज गाणी म्हणून पाणी शिंपडलं. गहू असा वर आला, असा वर आला, वीत वीत पिवळा! सगळ्यांत उंच माझा. गोकुळाष्टमीला पोरींनी त्यायच्या तीजा नाल्यात शिरवल्या, बाच्या पागोट्यात बी तुरे खोवले. तो पागोटं घालून बाजेवर बसला, लेकरावाणी. माझी दुरडी मी घरात लपवली. वाळवली, भरडली, गरम पाण्यात टाकली, तू लिहिलं तसं.

पाणी गोड झालंच न्हाई. नुसतं गवताचं पाणी. मग तुझी चिठ्ठी पुन्हा वाचली, तर त्यात लिहिलेलं, मोड दाण्याएवढा झाला की थांबवायचं, पुढं वाढू दिला तर गोडी सगळी गवतात जाते. मी वाचलंच न्हाई ते. म्हणजे वाचलं असंल, पण तीज कुणी दाण्याएवढी ठेवतं का गं? तीज जेवढी उंच तेवढं नशीब, हेच ऐकत आपण मोठ्या झालो. माझा हात थांबलाच न्हाई.

आता दुसऱ्यांदा करायला येळ न्हाई. गूळ घातला, हळद-कुंकू लावून मटक्यात ठेवलं, तोंडाला फडकं बांधलं. फडकं, लाख न्हाई. बुडबुडे येऊन राहिलेत. बा रोज नजरेनं इचारतो आन् मी म्हणते, मुरू दे.

रूपा

*

फुलसिंग नाईक तांडा
१४ सप्टेंबर २०२५

पुजे,

बा गेला.

संतरामनं तुला फोन लावला, बंद लागला. मग पुण्याच्या ट्रॅव्हल्सवाल्याला तुझ्या खोलीवर धाडलं. कुलूप. खालच्या चहावाल्यानं सांगितलं, ती गेली खोली सोडून, बंगळूरला का कुठं. हे पत्र त्याच्याच जवळ ठेवायला सांगितलंय. कधी आलीस तर देईल.

सगळं लिहिते. तू असतीस तर तोंडानं सांगितलं असतं.

गेल्या आठवड्यात, दुपारचं. याडी वाणसामानाला गोरेगावला. मी मटक्यातलं गाळलं, तुझ्या काळ्या बाटलीत भरलं, तीच बाटली जपून ठेवली व्हती मी. पुन्हा बाटलीतून वाटीत ओतलं, म्हणजे त्याला दिसावं की पुजीची हाय. त्याला पाठीला उशी देऊन बसवलं. म्हणलं, "बा, घे. पुजीनं धाडली."

त्यानं वाटी दोन्ही हातांनी धरली. मग बोट बुडवलं आन् थेंब उडवले, एक देवाला, एक प्रेमदासकाकाला. तुला याद न्हाई, तू लहान व्हतीस, पण आधी तो असाच करायचा. मटके फोडल्यापासून मी ते बोट बुडालेलं पाहिलं नव्हतं. माझ्या डोळ्यात पाणी आलं. म्हणलं, झालं, पुजीचं काम झालं.

मग त्यानं वाटी नाकाशी नेली. थांबला. एक घोट घेतला, तो बी अर्धा बाहेर आला. वाटी माझ्या हातात दिली आन् म्हणला,

"ही पुजीची न्हाई."

पुजे, चार सालात पहिल्यांदा त्यानं तुझं नाव घेतलं. असं घेतलं.

मी खोटं रेटलं. म्हणलं, तिचीच हाय, तू आजारी हाईस, तोंडाला चव न्हाई तुझ्या. तो मान हलवत राहिला. "हिच्यात गवत हाय. मोह न्हाई."

"मोह घातलेला तुला काय ठावं?" मी चिडले. खरंच चिडले. एवढं सगळं करून तो तसाच बसलेला.

त्यानं खालच्या व्हटावर बोट ठेवलं. जिथं चीर पडली व्हती तिथं.

मग तो बोलला. एक शब्द, दम, एक शब्द, असं. मी तुला सलग लिहिते. होळीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला पडवीत वास आला. मोहाचा, त्या नाल्याकाठच्या झाडाचा. वासामागं गेला, कुंडी सरकवली, गोणपाट उकललं. सगळं वाहून गेलं व्हतं, पण बुडाचा तुकडा वाटीवाणी उभा राहिला व्हता, त्यात घोटभर उरलं व्हतं. तो तिथंच बसून प्याला. पुरलं न्हाई म्हणून काच चाटली.

आन् आमी पडवीत बसून समजत व्हतो, बा रागानं तिकडं तोंड करून बसलाय!

मी इचारलं, "कशी व्हती?"

त्यानं मान उशीवर टेकली. मला वाटलं झोपला. मग म्हणला, "माझ्या मायच्या हातची."

मी म्हणलं, बा, हे पुजीला लिहिते. आताच लिहिते. तो एकदम उठायला लागला, माझं मनगट असं आवळलं की बांगडी पिचली. "सांगू नको. तिला सांगू नको."

"काहून?"

"ती येईल. तिला वाटंल दार उघडलं. तांड्यात कुणी तिला पाणी देणार न्हाई, नियम माझा हाय. माझ्या नियमानं तीन घरं तांडा सोडून गेली. आता माझी लेक गोड लागली म्हणून त्यायला काय सांगू?"

मी त्याला वाटंल ते बोलले. म्हणलं, मरायला टेकलास तरी तुला तीन घरांची पडली, आन् तुझी लेक? तुझ्या नियमाला आग लागो. असं मी माझ्या बापाला बोलले, पुजे. त्यानं ऐकून घेतलं. मग भिंतीकडं तोंड केलं.

दोन दिवसांनी गेला. दुसरं काही बोलला न्हाई.

तांड्यानं लई मानानं नेला. आजूबाजूच्या तांड्यातले नाईक आले. देविदास मास्तर उभा राहून बोलला, की रतनसिंगबापूनं वीस साल थेंब शिवला न्हाई, पोटच्या लेकीला बी माफ केलं न्हाई, असा शब्दाचा माणूस पुन्हा व्हणार न्हाई. बायाबापे रडून राहिले. मी आन् याडी खाली बसून ऐकून राहिलो. याडीला मी आदल्या राती सगळं सांगितलं व्हतं. ती पदर तोंडात कोंबून बसली व्हती. लोकायला वाटलं दुःखानं.

त्यानं सांगू नको म्हणलं आन् मी सांगून राहिले. शब्दाचा माणूस तो व्हता, मी न्हाई. पण तू यायच्या आधी हे बी ऐक. येऊ नको. देवळापुढं आता त्याचा फोटो लावणार हायेत आन् खाली नियम लिहिणार हायेत. तुला कुणी शिवी देणार न्हाई, कुणी मारणार न्हाई, फक्त पाणी देणार न्हाई. मी देईन, तर माझ्या दुकानाच्या पायरीवर कुणी चढणार न्हाई, आन् याडीला मी त्याच दुकानावर पोसते. हे तुझ्या तोंडावर बोलायची हिंमत मला झाली नसती.

तुला एक घोट आन् एक नाव पायजे व्हतं. दोन्ही झालं. घोट तुझा व्हता तवा तो एकटा उकिरड्यावर बसला व्हता. नाव घेतलं तवा वाटीत माझं गवत व्हतं. घरात वाट्या व्हत्या, पुजे. मी व्हते, याडी व्हती. एक शब्द बोलला असता तर मी शेण धुऊन, गाळून, तोंडाशी धरलं असतं. त्यानं काच चाटली, पण वाटी मागितली न्हाई.

याडी आता रोज नाल्याकडं जाऊन मोहाखाली बसते. काल आली आन् म्हणली, "यंदा झाडाला फुलं लई येतील, पाऊस चांगला झाला. पुजीला दोन पायल्या जास्त धाडू."

मी व्हय म्हणलं. तुझा पत्ता तिनं इचारला न्हाई आन् मी बी काही सांगितलं न्हाई.

रूपा